अळी पोंग्यात, पट्टा दुकानदाराच्या पेटीत



गेल्या महिन्यात आपल्या कोपरीच्या कचेरीत धडगावकडचा एक पोरगा आला. ठाण्यात बांधकामावर काम करतो, आठवड्याची सुट्टी होती म्हणून पत्ता शोधत आला. बराच वेळ बोललाच नाही. चहा झाला, मग खिशातून घडी केलेला कागद काढला. वनपट्ट्याची झेरॉक्स. म्हणाला, "दादा, असली पट्टा दुकानदाराकडं आहे. बाबानं मक्यावर मारायला औषध उधार आणलं. पैसे फिटले का कागद देतो म्हणाला. मका तर अळीनंच खाल्ला. आता जमीन त्याची झाली का?"

त्या पोराला मी दोन उत्तरं दिली. एक कायद्याचं, एक शेतीचं. कायद्याचं लवकर संपलं. शेतीचं अजून माझ्या डोक्यात चालू आहे, म्हणून हा लेख. आपलं पत्रक कोपरीत स्टेन्सिलवर कापलं जातं, पण वाचलं जातं ते मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आणि तिकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात. मुरबाडच्या साथींना वाटेल, मक्याचं आपल्याला काय, आपण चार ताटं परसात लावतो. पण सातपुड्यात मका म्हणजे भाकर. आणि उधारीची गोष्ट तर भाताला, भाजीला, सगळ्याला लागू आहे.

आधी कायदा. वनहक्क कायदा 2006 चा, कलम 4 पोटकलम 4. त्यात स्पष्ट लिहिलंय की पट्ट्याची जमीन वारसानं पोरांकडं जाईल, पण विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे. म्हणजे एकट्या बाबानं कागद कुठं ठेवला तरी त्यानं जमीन हलत नाही. दुकानदाराच्या पेटीत जो आहे तो नुसता कागद आहे. पैसे देणं आहे ते देणं आहे, ते नाकारायचं नाही. पण त्या देण्यापोटी कागद अडकवून ठेवायचा त्याला काही हक्क नाही. त्या पोराला तसं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरलेला होता तो सावरला.

पण मला सांगा, आपण एवढ्यावर खूश व्हायचं का? आपल्या आज्यांच्या जमिनी कशा गेल्या ते आठवा. कुणी बंदूक दाखवून नेल्या नाहीत. दोन पायली भात, लग्नाचे चार पैसे, एक अंगठा, असं करत वहीत गेल्या. त्या परत मिळवायला 1974 चा कायदा करावा लागला, आणि कायदा होऊनही कितीजणांना मिळाल्या नाहीत. आता कायद्यानं जमीन जात नाही, ठीक. मग पीक जातं. मका निघायच्या आत व्यापारी खळ्यावर उभा. जमीन आपल्या नावावर आणि दाणा त्याच्या गाडीत, असं असेल तर आपण कशासाठी चाललो?

चाललो म्हणतो ते खरंच चाललो म्हणून. 2018 साल आठवतं ना? मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सहा दिवस चालत ठाण्यावरून मुंबईत गेला. पायाची कातडी सोललेल्या बाया सगळ्या देशानं पाहिल्या. मग त्याच साली नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चाचे हजारो लोक इथूनच, ठाण्याहून, आझाद मैदानाकडं निघाले. जळगाव, धुळे, नंदुरबारचे. दोन्ही मोर्चांत एक मागणी सारखी होती : वनजमीन कसणाऱ्याला पट्टा द्या. आम्ही कोपरीची मंडळी पाणी घेऊन रस्त्यावर उभी होतो. अक्राणीची एक मावशी पाणी पिता पिता म्हणाली, यंदा पाऊस नाही, मका वाळला, पुढल्या वर्षी बघू.

मावशीला काय ठाऊक, पुढल्या वर्षी काय येणार ते. त्याच 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर एक नवी अळी सापडली होती. पावसाळा संपता संपता ती आपल्याकडं सोलापुरात दिसली. 2019 च्या खरिपात मराठवाडा, नाशिक, जळगाव, धुळे सगळीकडं. अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये आफ्रिकेत उतरली, तिथून दोन वर्षांत इथं. हिचा पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. त्याला ना वनखात्याचं गेट, ना तालुक्याची हद्द.

जुन्या माणसांना खोडकिडा माहीत आहे. ज्वारी-मक्याचा पोंगा वाळवणारा, पोंगेमर करणारा. हा तो नाही. नवी अळी ओळखायची खूण अशी : मोठी झाली की डोक्यावर पांढरट रेघांचं इंग्रजी वाय अक्षर उलटं ठेवल्यासारखं दिसतं, आणि शेपटाजवळ चार काळे ठिपके चौकोनात. पोरांना दाखवा, ती आपल्याहून लवकर ओळखतात.

आता खरी गोष्ट. ही अळी शेतात आली हे आपल्याला कळतं कधी? पानं फाटून चिंध्या झाल्या, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण साठली, की. तेव्हा माणूस दुकानाकडं पळतो. आणि तेव्हा औषध सगळ्यात कमी काम करतं, कारण अळी मोठी झालेली असते, पोंग्यात खोल बसलेली असते, आणि वरून आपल्याच घाणीचं बूच मारून घेते. फवारा वरून वाहून जातो. मग दुसरी बाटली, त्याहून महाग. मग तिसरी. त्या पोराच्या बाबाचं हेच झालं. तीन फवारे, तीन उधाऱ्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मक्याची लढाई पहिल्या तीस दिवसांत होते, आणि त्या तीस दिवसांत दुकानाचं काही काम नाही. काम आहे डोळ्याचं आणि बोटांचं.

मादी रात्री पानावर अंडी घालते. सुटी नाही, पुंजक्यात. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी, वर भुऱ्या लवेचं पांघरूण, जणू कुणी कापसाचं बोट पुसलंय. दोन ते चार दिवसांत फुटतात. बारीक पोरं आधी पान नुसतं खरवडतात, त्यानं पानावर पांढरे पापुद्र्यासारखे लांबट ठिपके पडतात, उजेडात धरलं तर आरपार दिसतं. ही दोन चिन्हं दिसायला हवीत : भुरा पुंजका आणि पांढरा पापुद्रा. पुंजका दिसला की चिमटीत धरून चिरडायचा. एका चिमटीत दीडशे अळ्या गेल्या. कुठल्या बाटलीत एवढी ताकद आहे ते मला दाखवा.

पण चार दिवसांत अंडी फुटतात म्हणजे आठवड्यातून एकदा फिरून चालत नाही. उगवण झाल्यापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी. तीस दिवसांत दहा फेऱ्या. शेतात नागमोडी चालायचं, पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी वीस ताटं बघायची. झाली शंभर. शंभरात पाच ताटांना लागण असेल तर सावध, निंबोळीची वेळ झाली. पाचाच्या आत असेल तर हातानं वेचा, पोंग्यात चिमूटभर कोरडी बारीक माती नाहीतर वाळू टाका. वाळूचे नऊ वाटे आणि चुन्याचा एक वाटा मिसळून पोंग्यात टाका असं सरकारी शिफारशीतही आहे. चुना जास्त झाला तर पोंगा जळतो, तेवढं बघा. काही गावांत चुलीची राख टाकतात. आफ्रिकेत ही अळी आली तेव्हा तिथल्या गरीब शेतकऱ्यांनीही राख आणि मातीच वापरली, त्यांना कुणी आपल्या गावाचा पत्ता दिला नव्हता. बारीक कण अळीच्या अंगाला घासतात, ती गुदमरते.

मक्याच्या एका एकरात पंचवीस हजाराच्या वर ताटं असतात, प्रत्येक पोंग्यात माती टाकणार कोण, असं एका तरुण कार्यकर्त्यानं मला बैठकीत विचारलं. बरोबर विचारलं. एकट्यानं होत नाही. म्हणून तर सातपुड्यात लाहा आहे, आमच्याकडं सावड आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. घर बांधायला, नांगरायला, लावणीला आपण एकमेकांकडं जातो, मग अळीला का नाही? आणि सगळ्या ताटांना टाकायची गरज नसते. ज्याला चिन्ह दिसलं त्याला आणि त्याच्या आजूबाजूच्यांना. अळी फुटली की शेजारच्या ताटावर पसरते, म्हणून आजूबाजूचं.

दुसरी गावानं मिळून करायची गोष्ट म्हणजे पेरणी. एकानं मृगात पेरलं, दुसऱ्यानं पंधरा दिवसांनी, तिसऱ्यानं महिन्यानं, तर अळीला चार महिने कोवळा मका मिळतो. एक पिढी महिन्याभरात पुरी होते, मग एकाच्या शेतात वाढलेली दुसऱ्याच्या शेतात उतरते. शक्यतो सगळ्यांनी एका आठवड्यात पेरा. डोंगरात वाफसा सगळीकडं एकदम येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून शक्यतो.

पक्ष्यांसाठी एकरी दहाएक काठ्या रोवा, वर आडवी काडी बांधून. कोतवाल, साळुंकी बसतात, अळ्या वेचतात. पण कणीस भरायला लागलं की त्या काठ्या काढून टाका बरं का. नाहीतर पोपटांना आपणच पाट मांडून दिल्यासारखं होतं.

निंबोळीचं सांगतो. पाच किलो निंबोळीच्या गराची पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, साबणाचा दोनशे ग्रॅम चुरा घाला, पाणी घालून शंभर लिटर करा. संध्याकाळी पोंग्यात जाईल असं मारा. ह्यानं बारीक अळी खायची थांबते, मोठी अळी मरत नाही. जो कुणी सांगेल की निंबोळीनं सगळी अळी जाते, त्यावर विश्वास ठेवू नका, तोही एक प्रकारचा दुकानदारच. आणि एक अडचण आहे ती कुठल्या कागदावर लिहिलेली नसते : निंबोळी पिकून पडते पावसाच्या तोंडाला, आणि मक्याला ती लागते त्याच दिवसांत. ओली निंबोळी काय वाळणार. म्हणजे यंदाच्या मक्याला गेल्या वर्षीची निंबोळी हवी. बचत गटाच्या बायांनी यंदा गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवली तर पुढल्या वर्षी कामाला येईल. मुरबाडकडं कडुनिंब फारसा नाही, तिकडच्यांनी धडगावकडून मागवावी. आपल्यातच देवघेव झाली तर काय वाईट?

आता ज्यावरून बैठकीत भांडण झालं त्या मुद्द्यावर येतो. काही साथींचं म्हणणं असं की संघटनेनं वर्गणी काढून औषध आणावं आणि पट्टेधारकांना फुकट वाटावं. सातबारावाल्यांना कृषी खात्याचं किट मिळतं, आपल्याला मिळत नाही, मग आपण आपलं करू. हेतू चांगला. मी विरोध केला, आणि अजून करतो.

2017 साल यवतमाळचं आठवा. कपाशीवर फवारताना वीसच्या वर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. मेलेल्यांत शेतमजूर किती होते ते बघा. दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणारे. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, हे एक कारण नंतर सांगितलं गेलं. मका तर डोक्याच्याही वर जातो. त्यात आपल्याकडं हातमोजे नाहीत, तोंडाला बांधायला गमछा, पायात काही नाही. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो हे किती जणांना माहीत आहे? लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि हिरवा म्हणजे औषध नव्हे, तोही विषच, जरा कमी.

शिवाय आपलं शेत नुसतं मक्याचं नसतं. बाया त्याच शेतातून माठ, कुर्डू खुडून आणतात. बांधावर गुरं चरतात, मक्याची ताटं त्यांनाच जातात. फवारलेल्या शेतातून किती दिवस भाजी खुडायची नाही हे फुकट औषध वाटणारा सांगणार आहे का? मी एका पाड्यावर पाहिलंय, सकाळी पोरानं फवारलं, संध्याकाळी त्याच्या बहिणीनं तिथलीच भाजी आणली. त्या रात्री कुणाला काही झालं नाही, पण मला झोप आली नाही.

मी असं म्हणत नाही की औषधाला कधीच हात लावू नका. सगळं करूनही शंभरात वीस ताटं खाल्लेली दिसत असतील आणि तुरा यायचा असेल, तर एक फवारा योग्य होऊ शकतो. पण तो कृषी सहायकाला शेतात आणून, दाखवून, नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन, रोख पैशानं, तोंड-हात झाकून. आणि तुरा-कणीस आल्यावर नाही. तेव्हाचं विष थेट दाण्याच्या वाटेवर असतं, आणि पोंग्यातल्या अळीचे दिवस तोवर गेलेले असतात. दुकानदाराला विचारून औषध घेणं म्हणजे कोल्ह्याला विचारून कोंबडी बांधणं.

एक गोष्ट मात्र आपल्या तरुणांना पटवायला मला जड जाते. ते म्हणतात, मका एकटाच लावू, हायब्रीड लावू, पोल्ट्रीवाले चांगला भाव देतात. आज्या मक्यात तूर, उडीद, चवळी, भोपळा मिसळायच्या, ते मागासपणाचं. भाव मिळतो हे खरं आहे, पोरांच्या शाळेचे पैसे त्यातून येतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ही अळी ज्या मुलखातून आली, त्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आदिवासी हजारो वर्षं मक्याबरोबर घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत आलेत. अळी तिथलीच, मकाही तिथलाच, आणि दोघं अजून आहेत. कारण तशा मिसळलेल्या शेतात मुंग्या, गांधीलमाश्या, कोळी टिकून राहतात आणि अळीला खातात. आता आपलंच कृषी खातं शिफारस करतंय की मक्यात तूर, उडीद, मुगाचं आंतरपीक घ्या. म्हणजे आजी पन्नास वर्षांपूर्वी बरोबर होती, फक्त तिच्याकडं शिक्का नव्हता. गावठी पांढऱ्या मक्याला अळी लागत नाही असं मात्र म्हणू नका, लागते. पण त्याचं बी घरचं असतं, म्हणून पेरताना उधारी नसते. व्यापाऱ्याचा मका थोडा लावा, भाकरीचा सोडू नका.

आणि सरकारला सोडायचं का? नाही. आपत्तीच्या मदतीच्या निकषात पूर, दुष्काळ, गारपीट ह्यांच्या बरोबरीनं किडीचा हल्लाही आहे. 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर पंचनामा होऊन मदत मिळू शकते. पण पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा सातबारा मागतो, आठ-अ मागतो. पट्टा दाखवला तर म्हणतो, ही वनखात्याची जमीन. त्याला सांगा, 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की मान्य झालेला वनहक्क तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वनखात्याच्या नोंदीत चढवायचा. नोंद चढली नाही हा दोष खात्याचा, आपला नव्हे. एकट्यानं सांगितलं तर ऐकत नाहीत. ग्रामसभेचा ठराव करून, सगळ्या पट्टेधारकांची नावं, गट नंबर, क्षेत्र आणि किती ताटांना अळी लागली हे लिहून तहसीलदाराला द्या, पोच घ्या. इथं त्या शंभर ताटांच्या मोजणीचा दुसरा उपयोग आहे. तारीखवार मोजणी लिहिलेली असेल तर नंतर कुणी म्हणू शकत नाही की नुकसान पावसानं झालं, नाहीतर झालंच नाही.

तो पोरगा जाताना झेरॉक्स परत घडी करून खिशात ठेवत होता. मी म्हटलं, बाबाला सांग, पट्टा मागायला एकट्यानं जाऊ नको, आईला घेऊन जा, नाव तिचंही आहे. हसला. म्हणाला, "आई गेली तर दुकानदारच पळेल."

ज्यांचे पट्टे असे कुणाकडं अडकलेत त्यांनी आपल्या पाड्याच्या कार्यकर्त्याकडं नाव, गाव आणि किती उधारी ते लिहून द्यावं. दुकानदाराचं नाव पत्रकात छापणार नाही, पण एकत्र बसून कागद परत आणू. पेरणी झाल्यावर पंधराव्या आणि तिसाव्या दिवसाची मोजणी, शंभरात किती, पोस्टकार्डावर कोपरीला पाठवा. पाच शेतांची आली तरी चालेल, पुढल्या अंकात गाववार छापतो.